अंगणाचं चित्र खरं का वाटतं? वास्तववादी जलरंगामागचा हिशोब

प्रदर्शनात गावाकडच्या अंगणाचं जलरंगातलं चित्र लागलं की त्याच्यापुढे माणसं थबकतात, आणि थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतंच, "अगदी फोटोसारखं काढलंय!" चित्रकार कसनुसं हसून मान हलवतो. दाद मनापासूनची असते, पण नेमकी उलट्या बाजूनं आलेली असते. चांगलं वास्तववादी जलरंग फोटोइतकं तपशीलवार सहसा नसतंच. त्यात जे दिसतं त्यातलं बरंचसं काढलेलं नसतं. तरीही ते खरं वाटतं, आणि पुष्कळदा फोटोपेक्षा जास्त खरं वाटतं. हे कसं जमतं ते इथे उलगडून बघू. ब्रश कधी हातात धरला नसला तरी चालेल, अंगण पाहिलेलं असलं म्हणजे झालं.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातलं घर, सकाळचे नऊ-साडेनऊ. चिऱ्याचं जोतं, चुना मारलेली भिंत, मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर. पुढे सारवलेलं अंगण, त्यात तुळशी वृंदावन, एका कडेला धुण्याचा दगड आणि त्याच्याभोवती ओल. गोठ्याच्या खांबाला दावं लटकतंय. माणूस एकही नाही. कागद पंधरा इंच बाय बावीस इंच, म्हणजे चित्रकार ज्याला हाफ इम्पिरियल म्हणतात तो.

आता या चित्राच्या अगदी जवळ जाऊन कौलं मोजायचा प्रयत्न करा. मोजता येणार नाहीत. वळचणीच्या कडेला आठ-दहा कौलांचे काठ नीट दाखवलेले असतील, मध्ये कुठे एखादं फुटकं कौल, एखाद्या ओळीची सावली. बाकीचं छप्पर म्हणजे विटकरी रंगाचा एकच ओला हात, वर जरा फिकट, खाली जरा गडद. चार पावलं मागे या, अख्खं छप्पर कौलारू दिसू लागतं. आठ-दहा कौलांच्या पुराव्यावर उरलेली शेकडो कौलं आपला मेंदू स्वतः रचतो. प्रत्येक कौल रेखलेली चित्रंही मी पाहिली आहेत. त्यांत मेहनत दिसते, छप्पर दिसत नाही.

मग खरेपणा कशात असतो? माझ्या मते उजेडाच्या हिशोबात. कुठली जागा कुठल्या जागेपेक्षा उजळ, कुठली गडद, कुठली कड धारदार आणि कुठली विरघळलेली, हा हिशोब बरोबर जमला तर कौलं नसली तरी चालतात. तो चुकला तर हजार कौलंही चित्राला वाचवत नाहीत.

पांढरा रंग डबीत नसतो

जलरंग म्हणजे बारीक दळलेलं रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा डिंक (बाभळीच्याच कुळातल्या झाडांचा, गम अरेबिक) आणि पाणी. पाणी उडून जातं, डिंक रंगाचे कण कागदाला चिकटवून ठेवतो. हा थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून गाळून बाहेर येतो. म्हणजे चित्रातला सगळा उजेड खरं तर कागदाचा असतो, रंग तो फक्त अडवतो. तैलरंगात काळोखावर शेवटी पांढऱ्याचा ठिपका ठेवता येतो. जलरंगात तो ठिपका सुरुवातीलाच कोरा सोडावा लागतो.

याचा परिणाम असा की चित्रकाराला उलटं चालावं लागतं. आपल्या अंगणात सगळ्यात उजळ काय आहे? वृंदावनाच्या माथ्यावर पडलेलं ऊन, पितळी घागरीवरची चमक, ओल्या दगडाचा चकाकता काठ. या जागा पहिला हात मारण्याआधीच ठरवून ठेवायच्या. एकदा रंग बसला की तो ओल्या ब्रशनं थोडाफार उचलता येतो, पण मूळचा लखलखीतपणा परत येत नाही.

'चायनीज व्हाइट' नावाचा जस्ताचा पांढरा १८३४ पासून बाजारात आहे, आणि तो वापरावा की नाही यावर चित्रकार आजही हिरिरीनं भांडतात. खांबाला लटकणारं दावं दाखवायला त्याची एक बारीक रेघ ओढली तर काही बिघडत नाही, असं माझं मत. पण अख्खी भिंत त्यानं उजळवली की ती खडूनं माखल्यासारखी दिसते, कारण तिथे कागदाचा उजेड बंद झालेला असतो.

सावलीतली पांढरी भिंत मातीपेक्षा गडद असते

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही. चुन्याची भिंत पांढरी, सारवलेली जमीन करडी-तपकिरी. मग भिंत गडद कशी असेल?

करून बघा. जाड पुठ्ठ्याला दोन बोटांच्या अंतरावर वाटाण्याएवढी दोन भोकं पाडा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी अंगणात उभे राहून एका भोकातून वळचणीच्या सावलीतली भिंत आणि दुसऱ्यातून उन्हातली जमीन दिसेल असा पुठ्ठा धरा. एक डोळा मिटा. भोकात आता 'भिंत' आणि 'जमीन' राहत नाही, रंगाचे दोन ठिपके उरतात, आणि भिंतीचा ठिपका बहुतेक वेळा जास्त काळपट निघतो. चुना त्याच्यावर पडलेल्या उजेडातला बराचसा परत फेकतो हे खरं, पण सावलीत मुळात उजेडच उन्हाच्या मानानं फार थोडा पोचतो. थोड्यातला बराचसा परत फेकला तरी तो थोडाच. उन्हातली जमीन भरपूर उजेडातला थोडा भाग परत देते, तरी ती पुढे राहते.

मग एरवी हे आपल्या लक्षात का येत नाही? कारण मेंदूला उजेड मोजायचा नसतो, वस्तू ओळखायची असते. सावली पडली तरी भिंत पांढरीच आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो सावली वजा करून आपल्याला 'पांढरी भिंत' दाखवतो. रोजच्या जगण्याला हे सोयीचं, चित्राला घातक. नवशिका सावलीतली भिंत जवळजवळ कोरी सोडतो, आणि मग अंगणात ऊन पडल्यासारखं काही केल्या वाटत नाही. उन्हाचा भास उन्हाच्या रंगात नसतो, तो सावली किती गडद आहे यात असतो. शंका आली तर मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि चित्राचाही तसाच फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवा. रंग निघून गेला की चूक लगेच सापडते.

सावलीचा रंग ही पुढची गंमत. उन्हातल्या जमिनीवर दोन दिवे लागलेले असतात, पिवळसर सूर्य आणि निळं आकाश. सावलीत सूर्य अडतो, आकाश उरतं, म्हणून सावली निळसर होते. पण अंगणात तिसराही दिवा असतो आणि तो म्हणजे खुद्द जमीन. तांबड्या मातीवर आपटलेलं ऊन वर उसळतं आणि छपराच्या खालच्या बाजूला लागतं. वळचणीच्या आत, जिथे आकाश दिसतच नाही, तिथली सावली म्हणून उबदार नारिंगी झाकेची असते. भिंतीवरून खाली येत गेलं की आकाशाचा वाटा वाढतो आणि सावली निळी होत जाते. जाणता चित्रकार हे एकाच ओल्या हातात करतो. वर बर्न्ट सिएना (तांबूस मातकट), खाली अल्ट्रामरीन (गडद निळा), आणि मध्ये दोघांना आपापसात मिसळू देतो. या चित्रात मला दाखवण्यासारखी एकच जागा विचारली तर मी हीच दाखवीन. जे चित्रकार सावली म्हणून नुसता पेन्स ग्रे नावाचा तयार करडा फासतात त्यांच्या भिंती सिमेंटच्या वाटतात.

कवडसे गोल का असतात

अंगणात आंब्याचं किंवा फणसाचं झाड असेल तर जमिनीवर कवडसे पडतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, पण कवडसे मात्र गोल किंवा लांबट गोल. कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. छोट्या छिद्रातून आलेला उजेड छिद्राचा आकार दाखवत नाही, उजेडाच्या उगमाचा आकार दाखवतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात बेळगाव भागात सूर्य कोरीसारखा झाला होता, तेव्हा ज्यांनी झाडाखाली पाहिलं त्यांना प्रत्येक कवडशाची कोर झालेली दिसली असेल.

याला मापही आहे. आकाशात सूर्याची थाळी जेमतेम अर्ध्या अंशाएवढी दिसते. त्यामुळे फटीपासून जमिनीपर्यंत किरणानं जितकं अंतर कापलं असेल, त्याच्या साधारण १०७ व्या भागाएवढा कवडसा पडतो. फुटक्या कौलातून सोप्यात तीन मीटर खाली आलेला कवडसा सुमारे तीन सेंटिमीटरचा, अधिक छिद्राची स्वतःची रुंदी.

हेच गणित सावलीच्या कडेला लागू होतं आणि चित्रकाराच्या ते जास्त कामाचं आहे. वस्तू जमिनीला जितकी जवळ, तितकी तिच्या सावलीची कड धारदार. वृंदावनाच्या पायाशी सावली कापल्यासारखी, त्याच्याच माथ्याची सावली जरा पुसट, आणि उंच झाडाच्या शेंड्याची सावली तर धुरकट. तीन मीटरवरून आलेल्या सावलीची कड तीनेक सेंटिमीटर विरघळलेली असते. म्हणून चित्रात सगळ्या सावल्यांना सारखीच धार दिली की कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे त्याला कळतं.

सावली पडते कुठे, हेही गावागणिक बदलतं. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असा दोनदा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टातला ढगांत जातो, मेमधला मात्र टळटळीत असतो. त्या दुपारी वृंदावनाची सावली त्याच्या पायाखालीच गडप होते आणि चित्र काढायला काही उरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दुपारी सूर्य सुमारे ५१ अंशांवरच चढतो. तेव्हा मीटरभर उंचीच्या वृंदावनाची सावली ऐन दुपारीही उत्तरेकडे ८० सेंटिमीटरच्या वर पसरते. आपल्याकडची 'ऐन दुपार' घड्याळात बाराला नसते, साडेबाराच्या आसपास असते, कारण भारतीय प्रमाणवेळ बेळगावच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावरून धरलेली आहे. जागेवर बसून चित्र काढणारे दिवाळीनंतरच्या महिन्यांत आणि सकाळी का बाहेर पडतात, ते यावरून कळेल. आणि ते पेन्सिलनं आधी सावल्यांच्या कडा का आखून ठेवतात तेही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. रंगवत रंगवत दोन तास गेले की डावीकडची सावली नऊची आणि उजवीकडची अकराची, असं चित्र तयार होतं.

डबीतला रंग आणि घरातला रंग एकच

या अंगणातल्या दोन मुख्य रंगांची मुळं घरातच आहेत.

चुना कालवताना त्यात चिमूटभर नीळ टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पिवळट पडणारा चुना त्यानं पांढराशुभ्र भासतो. कपड्यांना घालायची ती पारंपरिक नीळ-पूड म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन, आणि चित्रकाराच्या डबीतला अल्ट्रामरीनही तोच. पूर्वी हा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत आणि तो सोन्याच्या भावानं विकला जाई. स्वस्तात करण्याची रीत सापडावी म्हणून फ्रान्समध्ये बक्षीस लावलं गेलं, आणि १८२८ मध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला ते मिळालं. पांढरी चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून तो बनतो. राजदरबारी चित्रांतला निळा अशा रीतीनं खेड्यातल्या भिंतीपर्यंत पोचला.

दुसरा रंग तांबडा. खानापूरकडची माती आणि जांभा दगड लाल का, तर हजारो-लाखो वर्षांच्या पावसानं खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोखंड व अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. (याच प्रक्रियेतून बॉक्साइट बनतं, म्हणून बेळगाव भागात ते सापडतं.) डबीतला बर्न्ट सिएना हाही लोहाची माती भाजून केलेला रंग. कच्ची पिवळसर माती तापवली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती तांबूस होते. भट्टीत कौलाचं जे होतं तेच. खानापूरची कौलं आणि विटा ज्या मातीच्या जोरावर नावाजल्या, तिच्या जातीचाच रंग कागदावर लागतो.

हे दोन रंग एकमेकांत मिसळले की सुंदर करडा तयार होतो. आणि जलरंगाची खरी करामत इथे आहे. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, तांबडा जरा पसरून राहतो, आणि वाळल्यावर करड्यात निळे-तांबडे कण वेगवेगळे दिसतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर पोपडे, ओल, हात लागून झालेले डाग असतात ना, ते काढावे लागत नाहीत, रंग बसता बसता तसा पोत आपोआप उतरतो. बारीक ब्रशनं एकेक पोपडा काढत बसलेल्या माणसाला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

निपाणी-चिकोडीकडे गेलं की हा सगळा मामला बदलतो. तिथे जोतं काळ्या पाषाणाचं, माती काळी, जमिनीवरून उसळणारा उजेड कमी आणि थंड. खानापूरचं पॅलेट तिथे चालत नाही. एकाच जिल्ह्यातल्या दोन अंगणांची चित्रं शेजारी ठेवली तर नुसत्या सावलीच्या रंगावरून गाव उत्तरेचं की दक्षिणेचं हे ओळखता यावं, इतपत अपेक्षा वास्तववादी चित्राकडून मी धरतो.

पाण्याशी वाटाघाट

कागदावर टाकलेला रंग तीन अवस्थांतून जातो. आधी तो पाण्यानं चकाकतो, तेव्हा त्यात दुसरा रंग सोडला की मऊ पसरतो. मग चकाकी जाते पण कागद आतून ओला असतो. हा धोक्याचा काळ. तेव्हा पाण्याचा थेंब पडला तर तो अर्धवट बसलेले कण कडेला ढकलतो आणि दातेरी कडेचा डाग उमटतो. चित्रकार त्याला कॉलीफ्लॉवरच म्हणतात. तिसरी अवस्था पूर्ण वाळल्यानंतरची, त्यावर दुसरा पातळ थर देता येतो.

थर वाळताना त्याच्या काठावर बारीक गडद रेघ उमटते, तीही फुकटची. काठाला पाणी लवकर उडतं, मधलं पाणी ती जागा भरायला तिकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. धुण्याच्या दगडाभोवतीच्या ओलीला चित्रात जी नाजूक कड असते ती बहुधा अशीच आलेली असते, रेखलेली नसते. आणखी एक लक्षात ठेवायचं: वाळल्यावर प्रत्येक रंग फिकट होतो. म्हणून सरावलेला हात रंग ओला असताना जरा जास्तच गडद लावतो. बघणाऱ्याला वाटतं, बिघडवलं यानं.

हवामानाचा वाटा यात फार मोठा आहे. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीकडे आषाढात एक हात वाळायला अर्धा दिवस लागेल की काय असं वाटतं, आणि अथणीकडे एप्रिलमध्ये ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचण्याआधी पहिलं टोक वाळलेलं असतं. दोन्ही गावं बेळगाव जिल्ह्यातलीच. म्हणून पुस्तकात वाचून 'इतकी मिनिटं थांबा' हा नियम पाळू नये. कागद डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरून चकाकी गेली का ते बघावं.

कागदही महत्त्वाचा. शाळेतल्या ड्रॉइंग शीटवर पाणी पडलं की ती फुगते आणि रंग डबक्यांत साचतो. सुती लगद्याचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), जिलेटिनचं कांजण दिलेला कागद पाणी थोडा वेळ वर धरून ठेवतो, आणि वर सांगितलेलं सगळं त्या थोड्या वेळात होतं. पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा. चार ट्यूब पुरतात.

शांतता कशी रंगवतात

या चित्रात माणूस नाही, तरी घर ओसाड वाटत नाही. ओल ताजी आहे, म्हणजे आत्ताच कुणीतरी धुणं आपटून गेलंय. दावं लटकतंय, म्हणजे म्हैस चरायला सोडलीय. माणसांच्या खुणा ठेवायच्या आणि माणूस काढून घ्यायचा, ही अर्धी युक्ती. उरलेली अर्धी तांत्रिक आहे. आडव्या रेषा जास्त ठेवायच्या, जोत्याची, वळचणीची, सावलीची. चित्राचा मोठा भाग मधल्या टोनमध्ये, म्हणजे ना फार उजळ ना फार गडद, राहू द्यायचा, आणि सगळ्यात उजळ व सगळ्यात गडद यांची गाठ एकाच ठिकाणी घालायची, समजा वृंदावनाचा उन्हातला काठ आणि मागच्या उघड्या दाराचा काळोख. डोळा तिथे जातो आणि तिथेच टेकतो. अशा चार जागा केल्या की डोळा भिरभिरत राहतो आणि शांतता गेली.

नजरेची उंचीही बघा. चित्रकार जोत्यावर किंवा पाटावर बसला असेल तर क्षितिजरेषा खाली येते, छपराचे उतार जास्त तिरपे होतात आणि घर मोठं, आपण घरातले वाटतो. उभ्यानं काढलं तर अंगणाची जमीन जास्त दिसते आणि आपण पाहुणे होतो.

आता एक अडचणीची गोष्ट. आजच्या खऱ्या अंगणात निळं प्लास्टिकचं पिंप असतं. डिशची थाळी असते, पडवीवर पत्रा असतो, भिंतीला टेकलेली मोटरसायकल असते. चित्रांत मात्र यातलं काही सापडत नाही. सगळे चित्रकार मिळून गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या वस्तू अंगणातून हलवतात आणि जे उरतं त्याला वास्तववादी म्हणतात. मला हे खटकतं. पिंपाचा भडक निळा सगळं लक्ष खातो, ही तक्रार खरी आहे. पण तो सावलीत घ्या, मातकट करा, कडा विरघळवा. तंत्र त्यासाठीच तर शिकलोय.

वास्तववाद नावाची चळवळ सुरू झाली तेव्हा मुद्दा नेमका हाच होता. गुस्ताव कूर्बे या फ्रेंच चित्रकारानं १८४९ मध्ये रस्त्याकडेला खडी फोडणारे दोन मजूर भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवले. तोवर एवढा मोठा कॅनव्हास देवादिकांना आणि राजांना मिळे. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची काही मोठी चित्रं नाकारली गेली, तेव्हा त्यानं समोरच स्वतःचा मांडव उभारला आणि वर पाटी लावली 'वास्तववाद'. दोन वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पण तिथून आपल्याकडे आली ती प्रामुख्यानं हुबेहूब काढण्याची शिस्त. कूर्बेचं बंड त्या सामानात नव्हतं. आपण दोन्हींना एकाच नावानं ओळखतो, आणि पिंपाचा घोळ तिथून सुरू होतो.

त्या शिस्तीनं मात्र या टापूत मोठं काम उभं केलं. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटीतीर्थाच्या परिसरातली निसर्गचित्रं काढली. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) हे तर जलरंगातले उस्ताद. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं प्रसिद्ध चित्र १९४५-४६ मधलं, मुलगी गीता हिला समोर उभं करून काढलेलं, आणि ते आहे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. पुष्कळ जण ते तैलरंगातलं आणि राजा रविवर्म्याचं समजतात. दोन्ही समज चूक. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याचकडे शिकले. आजही आपल्याकडची मुलं चित्रकलेच्या पुढच्या शिक्षणाला कोल्हापूर गाठतात, तेव्हा ती या वाटेनंच जात असतात.

विकत घेतलं तर

असं चित्र घरात आणलं तर आपल्या पावसाचा विचार आधी करा. कागद दमट हवेत बुरशी धरतो, त्यावर तांबूस ठिपके येतात. काच थेट कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट हवी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका, आतल्या भिंतीवर लावा, आणि मागे बुचाचे तुकडे चिकटवून फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी ठेवा. थेट ऊन येणारी जागा टाळा. जलरंग उजेडानं विटतात हे इंग्लंडमध्ये १८८८ च्या सरकारी अहवालातच प्रयोगांनिशी दाखवलं गेलं होतं. सगळे रंग सारखे विटत नाहीत. माती-लोखंडाचे रंग आणि अल्ट्रामरीन पक्के असतात, म्हणजे आपलं जोतं, कौलं, भिंत आणि सावल्या टिकतील. चित्रकारानं जास्वंदीला जुना अॅलिझरिन क्रिमसन वापरला असेल तर ती मात्र आधी फिकी पडेल. म्हणून घेतानाच विचारून घ्या, लालसाठी कुठला रंग वापरलाय. मनापासून काम करणारा चित्रकार या प्रश्नानं खूश होतो.